करपलेली भांडी ओरखडे न पाडता कशी स्वच्छ करावीत? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा-सांगलीकडच्या बहुतेक घरांत एकाच फळीवर स्टीलचे पातेले, जर्मलचा (ॲल्युमिनियमचा) टोप, बिडाचा (ओतीव लोखंडाचा) तवा, कल्हई केलेले पितळी पातेले आणि अलीकडे आलेला नॉनस्टिक तवा अशी सगळी मंडळी शेजारी शेजारी नांदत असतात. यांपैकी काहीही करपले तरी हाताशी येते ती मात्र एकच तारेची घासणी. पुढील उत्तरांत दोन प्रश्न पुन्हा पुन्हा येतील: काय करपले आहे आणि ते कशावर करपले आहे. ही दोन उत्तरे हाती आली की उपाय ठरतो आणि मनगटाच्या जोराची गरज फारशी उरत नाही.

भांडे खाली लागल्याचे कळताच सर्वांत आधी काय करावे?

गॅस बंद करून भांडे खाली उतरवावे आणि वरचा न करपलेला पदार्थ, तळाला चमचा न लावता, दुसऱ्या भांड्यात ओतून घ्यावा. तळ ढवळला की करपट वास सगळ्या आमटीत उतरतो. नंतर भांडे आपोआप निवू द्यावे. तापलेले भांडे लगेच नळाखाली धरल्यास पातळ तळ वाकतो, बिडाचे भांडे तडकू शकते आणि नॉनस्टिकचा लेप सुटू लागतो. हाताला सोसवेल इतके निवले की त्यात कोमट पाणी घालून ठेवावे. रात्री मोरीत कोरडे टाकून दिलेले भांडे सकाळपर्यंत आणखी चिवट झालेले असते, म्हणून घासायला वेळ नसला तरी पाणी घालण्याचा आळस करू नये.

करपलेला थर इतका घट्ट का चिकटतो?

कारण तो एक पदार्थ नसून एकावर एक बसलेले तीन-चार पदार्थ असतात. दुधाच्या निवळीतील प्रथिने साधारण ७० अंश सेल्सिअसच्या पुढे उलगडू लागतात आणि तापलेल्या धातूला धरतात. त्याच वेळी दुधातील कॅल्शियम फॉस्फेट, जे पाणी तापले की अधिक न विरघळता उलट कमी विरघळते, खाली बसून त्या प्रथिनांच्या जाळीत अडकते. भात, खीर किंवा अख्खा मसूर लागतो तेव्हा स्टार्च फुगून पिठाच्या खळीसारखा बसतो आणि नंतर सुकतो. तेलाचा पातळ थर खूप तापला की त्याचे रेणू एकमेकांत गुंतून एक पिवळट-तपकिरी, साबणालाही न जुमानणारा वार्निशसारखा पापुद्रा तयार होतो. या सगळ्यांना आणखी आच मिळाली की त्यांतील पाणी निघून जाते आणि उरतो तो काळा कोळसा.

हा कोळसा सोड्यात विरघळत नाही, चिंचेत विरघळत नाही आणि साबणातही विरघळत नाही. जे काही करायचे ते त्याच्या खालच्या थरावर, म्हणजे प्रथिने, स्टार्च आणि तेल यांच्या पकडीवर करायचे असते. ती पकड ढिली झाली की काळा भाग पापुद्र्यासारखा सुटून येतो. वरून घासत राहणारी व्यक्ती कोळशाशी झुंजत असते, आणि त्या झुंजीत कोळशाआधी भांडे झिजते.

ओरखडे नेमके कशाने पडतात? घासणी कोणती वापरावी?

जो पदार्थ अधिक कठीण असतो तो कमी कठीण पदार्थावर ओरखडा पाडतो, हा साधा नियम आहे. काठिण्य मोजण्याच्या मोह्‌स श्रेणीत खाण्याचा सोडा आणि मीठ २.५ च्या आसपास येतात, ॲल्युमिनियम ३ च्या किंचित खाली, तांबे ३ वर, स्टेनलेस स्टील ५ ते ६ च्या दरम्यान आणि वाळूतील गारगोटी ७ वर. सोड्याने स्टीलवर चरा पडत नाही पण वाळूने पडतो, याचे उत्तर या आकड्यांतच आहे. बाजारातील हिरव्या खरखरीत घासणीच्या धाग्यांत अपघर्षक, म्हणजे घासून झिजवणारे, कण चिकटवलेले असतात. ती हाताला कापडासारखी मऊ लागली तरी चकचकीत स्टीलवर आणि नॉनस्टिकवर बारीक रेघा उमटवते. तारेची घासणी स्टीलवर रेघा पाडतेच, पण ती साध्या पोलादाच्या तारेची असेल तर तिचे बारीक तुकडे रेघांत अडकून गंजतात आणि लोक म्हणतात की स्टीललाच गंज चढला.

वापरण्याजोग्या गोष्टी घरातच असतात. नारळाच्या काथ्याची शेंडी, वेलीवर वाळलेल्या घोसाळ्याची जाळी, जुने सुती कापड, लाकडी उलथन्याची सरळ कड आणि बाद झालेले प्लास्टिकचे कार्ड एवढ्यावर बहुतेक कामे भागतात. यांत घोसाळ्याच्या जाळीला आम्ही पहिला मान देतो: भिजल्यावर ती लवचिक होते, तिच्यात कोणतेही कण नसतात आणि परसातल्या मांडवावर ती फुकट मिळते. काथ्या वापरताना तो आधी स्वच्छ धुवावा, कारण त्यात अडकलेली माती आणि वाळू हीच खरी ओरखडे पाडणारी असते.

मग चुलीतली राख चालते की नाही?

राखेत दोन गुण एकत्र असतात. लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट हे अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचे रसायन, असल्याने ते तेलकटपणा कापते, आणि तिच्यातील सिलिकाचे, म्हणजे वाळूसारखे, कण घासण्याचे काम करतात. जुन्या जाड पितळी हंड्याला किंवा लोखंडी कढईला ती चालत असे, कारण तेथे बारीक रेघांची कोणाला फिकीर नव्हती. स्टीलच्या चकाकत्या भांड्याला राख लावायचीच असेल तर ती वस्त्रगाळ करून, ओल्या कापडावर घेऊन हलक्या हाताने लावावी. जर्मलला आणि नॉनस्टिकला राख लावू नये. भाताच्या तुसाची राख तर जवळजवळ सगळी सिलिकाच असते; ती कोणत्याच नाजूक भांड्याजवळ नेऊ नये.

स्टीलच्या पातेल्यात दूध, बासुंदी किंवा खीर लागली आहे. क्रमाने काय करावे?

घरोघर दुभते असलेल्या या भागात सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, म्हणून उत्तर थोडे सविस्तर देत आहोत.

पातेल्यात करपलेला भाग बुडून वर चार बोटे राहील इतके पाणी घ्यावे आणि प्रत्येक लिटरमागे दोन मोठे चमचे खाण्याचा सोडा घालून मंद आचेवर उकळी आणावी. थंड पाण्यातील सोड्याचा सामू (पीएच) ८.३ च्या आसपास, म्हणजे अगदी सौम्य असतो. पाणी उकळू लागले की सोड्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि तो हळूहळू धुण्याच्या सोड्यात, म्हणजे सोडियम कार्बोनेटमध्ये बदलतो, जे बरेच तीव्र अल्कली आहे. नुसता सोडा भुरभुरून घासण्यापेक्षा उकळलेला सोडा अधिक काम करतो तो यामुळे. अल्कलीमुळे प्रथिने फुगतात आणि तेलाचा काही भाग साबणात रूपांतरित होतो. दहा-पंधरा मिनिटे मंद उकळू द्यावे, फेस वर येऊ लागल्यास आच कमी करावी, नंतर गॅस बंद करून झाकण ठेवावे आणि ते रात्रभर तसेच राहू द्यावे.

सकाळी ते पाणी ओतून लाकडी उलथन्याची कड तळाशी जवळजवळ आडवी धरून ढकलत न्यावी. थर बहुतेक वेळा तुकड्यांनी सुटतो. जे ठिपके उरतात त्यांच्यावर सोडा आणि थोडे पाणी यांचा दाट लेप तासभर ठेवून घोसाळ्याच्या जाळीने घासावे. स्टीलवर नीट पाहिल्यास पॉलिशच्या बारीक रेघा एका दिशेने गेलेल्या दिसतात. हात त्याच दिशेने चालवावा, गोल गोल फिरवू नये.

एवढे करूनही तळाशी पांढुरकी, खरखरीत साय दिसत राहिली तर ती कॅल्शियमची आहे आणि तिच्यावर सोड्याचा काही परिणाम होत नाही. भांडे नीट धुऊन त्यात आता व्हिनेगर किंवा सायट्रिक ॲसिड, म्हणजे किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व, घातलेले कोमट पाणी अर्धा तास ठेवावे. आधी अल्कली आणि मग आम्ल हाच क्रम दूध प्रक्रिया केंद्रांतील नळ्या आणि दूध तापवण्याची यंत्रे धुताना वापरतात. घरच्या पातेल्यालाही तोच लागू पडतो. थर फारच जुना असेल तर सोड्याची उकळी दुसऱ्या दिवशी पुन्हा द्यावी. दुसऱ्यांदा उकळणे हे एकदा तारेने घासण्यापेक्षा केव्हाही स्वस्त पडते.

पिठल्याच्या कढईत तळाशी धरलेल्या खरवडीला यांपैकी काहीही करू नये. ती काळी पडली नसेल तर उलथन्याने काढून भाकरीबरोबर संपवावी.

गुळाचा किंवा साखरेचा पाक करपला तर?

हे सर्वांत सोपे काम आहे. साखर आणि गूळ पाण्यात विरघळतात आणि तपकिरी झालेला पाकही गरम पाण्यात बराचसा विरघळतो; भांड्यात पाणी भरून उकळत ठेवले की दगडासारखा वाटणारा थर आपोआप सुटतो. गुऱ्हाळात काहील रिकामी झाली की तिच्यात लगेच पाणी किंवा पुढचा रस घालतात, त्यामागे हेच कारण आहे. गुळाचा पाक तयार होत आला की त्यापुढे तो फार वेगाने करपतो, म्हणून चिक्कीचा किंवा लाडवांचा पाक करताना भांड्याजवळून हलू नये. पाक पूर्ण काळा होऊन कडू वास आला असेल तर मात्र तो कोळसा झाला असे समजून वरची सोड्याची पद्धत वापरावी.

जर्मलच्या टोपाला आणि कुकरलाही सोडाच लावायचा का?

नाही, आणि सर्वाधिक भांडी याच गैरसमजाने खराब होतात. जर्मल म्हणजे ॲल्युमिनियम. त्याच्या पृष्ठभागावर ऑक्साइडचा एक पातळ संरक्षक थर असतो, जो अल्कलीत विरघळतो. म्हणून सोड्याचे उकळते पाणी ठेवल्यास भांडे काळवंडते आणि पुढे त्याला बारीक खड्डे पडतात. धुण्याचा सोडा तर त्याहून वाईट. या भांड्यांसाठी आंबट वस्तू वापरावी: लिंबाएवढी चिंच, दोन-तीन लिंबांच्या पिळलेल्या साली किंवा चमचाभर लिंबूसत्त्व पाण्यात घालून पंधरा-वीस मिनिटे मंद उकळावे, कोमट होऊ द्यावे आणि लाकडी उलथन्याने थर सोडवावा. आंबट पाणी मात्र रात्रभर ठेवू नये, कारण फार वेळ राहिल्यास आम्लानेही ॲल्युमिनियम झिजते. तेलकट थर राहिला असेल तर भांडी घासण्याचा साबण आणि गरम पाणी पुरते.

कुकर करपला असेल तर झाकण न लावता, उघड्या कुकरमध्येच पाणी उकळावे. झाकण लावून शिट्टी काढल्यास सुटलेले तुकडे वाफेच्या नळीत जाऊन अडकू शकतात, आणि ती नळी बंद होणे धोक्याचे आहे. साफ झाल्यावर ती नळी उजेडाकडे धरून आरपार पाहून घ्यावी. रोजच्या वापराने कुकर आतून काळा पडतो, त्याचा करपण्याशी संबंध नसतो. डब्यांखालच्या पाण्यात लिंबाची साल किंवा चिंचेचे बोटूक टाकण्याची आपल्याकडची सवय त्यासाठी अगदी योग्य आहे.

काळसर-करड्या रंगाची हार्ड ॲनोडाइज्ड भांडी हीसुद्धा ॲल्युमिनियमचीच असतात. त्यांच्यावरचा ऑक्साइडचा थर मुद्दाम जाड केलेला असल्याने ती ओरखड्यांना सहजासहजी दाद देत नाहीत, पण सोड्याच्या उकळत्या पाण्यापुढे तो जाड थरही टिकत नाही. त्यांना गरम पाणी, साबण आणि धीर एवढेच द्यावे.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र घातल्यास फेस येतो. तो जास्त परिणामकारक नसतो का?

फेस दिसायला जोरकस असतो, पण तो कार्बन डायऑक्साइडचा असतो आणि तो उडून गेल्यावर भांड्यात सोडियम ॲसिटेटचे जवळजवळ निष्क्रिय पाणी उरते. आम्ल आणि अल्कली एकमेकांना मारून मोकळे होतात. दोन्ही वापरायचे असल्यास एकानंतर एक, मध्ये भांडे धुऊन वापरावे. ब्लीचमध्ये मात्र व्हिनेगर, लिंबू किंवा कोणतेही आम्ल कधीही मिसळू नये, कारण त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

नॉनस्टिक तव्यावर मसाला किंवा धिरडे करपले तर काय करावे?

तव्यात अर्धा पेला पाणी आणि चमचाभर सोडा घालून अगदी मंद आचेवर पाच-सात मिनिटे तापवावे, निवू द्यावे आणि स्पंजच्या मऊ बाजूने पुसून घ्यावे. तव्याच्या मागची बाजू उघड्या ॲल्युमिनियमची असेल तर सोड्याचे पाणी तिकडे ओघळू देऊ नये. लाकडी उलथनेसुद्धा टोकाने न टेकवता सपाट धरावे. काथ्या, राख आणि मीठ येथे वर्ज्य आहेत.

या तव्यांवरचा टेफ्लॉनचा लेप साधारण २६० अंशांच्या पुढे बिघडू लागतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर काही मिनिटांतच तेथवर पोहोचतो, म्हणून करपलेला थर जाळून टाकण्याचा, जो उपाय लोखंडी तव्यावर चालतो, तो येथे घातक आहे. ज्वारी-बाजरीची भाकरी मोठ्या आचेवर भाजायची असेल तर तिला लोखंडी तवाच घ्यावा. नॉनस्टिक तवा भाकरीसाठी नाहीच, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बिडाचा तवा आणि लोखंडी कढई कशी साफ करावी?

स्टीलच्या पातेल्यावर जो तेलाचा पापुद्रा डाग ठरतो, तोच बिडाच्या तव्यावर वर्षानुवर्षे जपायचा असतो, कारण त्याच्यामुळेच धिरडे चिकटत नाही आणि गंज धरत नाही. येथे उद्देश करपलेले काढणे आणि काळा थर राखणे असा दुहेरी असतो. तव्यात पाणी घालून पाच मिनिटे उकळावे आणि सुटलेले कण लाकडी उलथन्याने काढावेत. उरलेल्या भागावर मूठभर जाडे मीठ टाकून काथ्याने घासावे. मीठ लोखंडापेक्षा मऊ असल्याने ते करपट भाग काढते आणि धातूला चरा पाडत नाही. थोड्या साबणाने बिघडत नाही, मात्र सोड्यात उकळणे आणि चिंचेत भिजवणे दोन्ही टाळावे: सोड्याने तेलाचा थर निघतो आणि चिंचेने लोखंड.

धुतल्यावर तवा गॅसवर पूर्ण कोरडा करून कापडाने तेलाचा अगदी पातळ हात फिरवावा आणि थोडा धूर येईपर्यंत तापवावा. जवसाचे किंवा करडईचे तेल यासाठी चांगले, कारण ते सुकून कडक थर धरते. शेंगदाणा तेलाचा थर त्या मानाने चिकट राहतो. जतकडच्या कोरडवाहू पट्ट्यात घाण्यावरचे करडईचे तेल सहज मिळते, त्याचा हा एक चांगला उपयोग आहे.

कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात आमटी लागली तर?

गरम पाण्यात साबण घालून रात्रभर भिजवावे आणि सकाळी मऊ कापडाने काढावे. कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर, आणि कथिल ॲल्युमिनियमपेक्षाही मऊ असते. काथ्यानेसुद्धा तो जोरात घासू नये, आणि पितळ चकचकीत करण्याच्या पावडरी फक्त बाहेरून वापराव्यात. कथिल २३२ अंशांना वितळते, त्यामुळे रिकामे पातेले आचेवर विसरल्यास कल्हई ओघळून ठिपके दिसू लागतात. आतून पिवळा धातू डोकावू लागला की त्यात ताक, कढी, चिंचेची आमटी असे आंबट पदार्थ शिजवणे बंद करून पातेले कल्हईवाल्याकडे द्यावे.

मातीच्या भांड्याचे काय?

भांडे पूर्ण निवल्यावर कोमट पाण्यात भिजवावे आणि सोड्याच्या लेपाने काथ्याने घासावे. साबण वापरू नये, कारण तो मातीच्या छिद्रांत मुरतो आणि पुढच्या पदार्थात उतरतो. धुतल्यावर उन्हात वाळवावे.

बोअरच्या पाण्याने पडलेले पांढरे डाग आणि स्टीलवरचे निळे-जांभळे पट्टे घासून जात नाहीत. ते करपलेलेच असते का?

नाही. जत, आटपाडी, माण, खटाव या भागांत जेथे बोअरचे जड पाणी वापरावे लागते, तेथे पाणी आटल्यावर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार भांड्याला धरतात. लिंबूसत्त्वाच्या कोमट पाण्याने ते दहा मिनिटांत निघतात. निळे-जांभळे पट्टे हे अति तापल्यामुळे स्टीलवरचा ऑक्साइडचा थर किंचित जाड झाल्याची खूण असते. व्हिनेगरचा बोळा फिरवल्यास ते बरेचसे जातात, आणि राहिले तरी अपाय नाही. संडास धुण्याचे ॲसिड किंवा ब्लीच वापरून हे डाग काढण्याचा मोह आवरावा, कारण दोन्हींतील क्लोराइडमुळे स्टीलला टाचणीच्या टोकाएवढे खोल खड्डे पडतात. थंड पाण्यात मीठ टाकून भांडे तासन्‌तास तसेच ठेवण्यानेही हेच होते.

चुलीवरची काजळी बाहेरून कशी काढावी?

ती न चढू देणे अधिक सोपे आहे. भांडे चुलीवर ठेवण्यापूर्वी बुडाला बाहेरून ओल्या मातीचा किंवा कालवलेल्या राखेचा पातळ लेप द्यावा. काजळी त्या लेपावर बसते आणि पाण्याबरोबर निघून जाते. जत्रेच्या किंवा लग्नाच्या स्वयंपाकाला मोठी पातेली चढवताना आजही हे करतात. लेप न देता चढलेली काजळी आधी कोरड्या कागदाने पुसावी आणि मगच पाणी लावावे.

ओरखडे आधीच पडले आहेत. भांडे टाकून द्यावे का?

स्टीलचे असेल तर मुळीच नाही. ओरखड्यावर हवेतील ऑक्सिजनने संरक्षक थर पुन्हा तयार होतो आणि भांडे पूर्वीइतकेच सुरक्षित राहते, फक्त पदार्थ त्या रेघांत थोडा लवकर धरतो. बिडाला आणि लोखंडाला वर सांगितल्याप्रमाणे तेलाचा हात पुन्हा द्यावा. जर्मलच्या टोपाला खड्डे पडले असतील तर त्यात आंबट आमटी करू नये किंवा ती त्यात साठवू नये. धान्य मोजायला, पाणी तापवायला तो चालतो. नॉनस्टिकचा लेप मात्र सोलून पापुद्रे सुटू लागले की दुरुस्तीचा विचार सोडून तो तवा मोडीत द्यावा.